पाचवं स्थान

उषा : पन सर, हा मानूस वजन उचलूनच नाई राहिला.

सर : कोण माणूस?

उषा : हा कॅलेंडरवाला शिमोन. पाहा न. येशूच्या पाठीवर एवढा मोठा क्रूस हाय, अन् यानं मागून दोन बोटं लावली त्याले. अन् डोये कुठं, तं वर आभाळात.

सर : उषा, हे छापील चित्र आहे. कुण्या मोठ्या चित्रकाराच्या हातचं. आपण ते मोठं करून कापडावर उतरवायचं आहे. त्याची तपासणी करायची नाहीये. चौकटी आखल्यात ना? एकेक चौकट भरा.

गुणवंता : सर, मी पायाच्या चौकटी भरून राहिलो होतो. माया तं हातच थांबला. याच्या चपला पाह्या तुमी, एकदम कोऱ्या! यमुनानं सकाळी ती गोष्ट सांगितली आमाले. शिमोन रानातून घरी येऊन राहिला होता, अन् शिपायायनं त्याले रस्त्यात धरलं. आता आमच्या गावी, रामाकोन्याले, संत्र्याच्या बगीच्यात पानी देऊन निघा तुमी. पायाले किलोभर मातीचा गारा लागते. चप्पल हातात घ्या लागते, मतलब पायात राहतच नाई ती.

सर : गुणवंता, तुला बोलायला मी सांगितलं होतं की रंगवायला?

गुणवंता : रंगवाले, सर.

सर : मग इकडे या दोघं. त्या चिंधूला आणि यमुनालाही ऐकू जाऊ दे. आपल्याला काय काम मिळालंय ते कळलंय का तुम्हाला? सौसरच्या नव्या चर्चमध्ये 'क्रूसाची वाट' भिंतीवर मांडणार आहेत. येशूला शिक्षा झाली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंत, चौदा चित्रं. एकेका चित्राला स्थान म्हणतात. लोक एका स्थानापुढे उभे राहून प्रार्थना करतात, मग दुसऱ्याकडे जातात. ही चौदा चित्रं चौदा शाळांतल्या मुलांनी करायची आहेत. नागपूरची शाळा आहे, छिंदवाड्याची आहे. त्यांच्याकडे चित्रकलेचे वेगळे वर्ग आहेत. आपल्याकडे हा व्हरांडा, पाट्या रंगवायचे डबे, आणि तुम्ही चौघं. मी तीन पत्रं लिहिली तेव्हा कुठे हे पाचवं स्थान पांढुर्ण्याला मिळालं.

उषा : अन् नाई जमलं तं?

सर : तर त्या जागी छापील चित्र फ्रेम करून लावतील. तसं पत्रातच लिहिलंय. शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या रविवारी फादर बघणार. आज बारा दिवस उरलेत. म्हणून म्हणतो, समोर आहे तसं काढा. चुकणार नाही, कोणी नावं ठेवणार नाही.

उषा : चुकलंच हाय ते, सर. मंग आपनबी चूकच काढाची का?

सर : ...बरं. तुझ्या मते कसं उचलतात?

उषा : तेच तं नाई मालूम. उचलून पाहा लागन. मागच्या भिंतीले सागाच्या दोन बल्ल्या टेकून हायेत. आडवी-उभी बांधली का झाला क्रूस.

गुणवंता : दोरी हाय माया जवळ! सर, एकच बार. एक बार उचलतो अन् मंग तुमी म्हनान तसं करतो.

सर : एकदाच. आणि सांभाळून. चिंधू, तू मागचं टोक धर. उषा, पुढे हो. हळू... हळू रे!

उषा : अगं माय!

सर : काय झालं?

उषा : इथं रुतते सर, मानेच्या बाजूले, हाडावर. मले वाटलं होतं पाठीत दुखन. मान सरळच नाई होऊन राहिली. वर आभाळाकडं कोन पाहीन? मले तं माया पायाचे अंगठे दिसून राहिले फक्त.

गुणवंता : सोड, मी घेतो. ...आबाबाबा. सर, याच्यात तं गुडघे आपोआपच वाकते. अन् चिंधू मांगून हलला का सगळं वजन इकडं येते. चिंध्या, सरळ चाल न बे!

सर : ठेवा. ठेवा खाली. आता कळलं ना कसं असतं? काढा मग.

उषा : कसं काढू सर? उचललं तं दिसत नाई, अन् खाली ठेवलं तं याद नाई राहत. कोनी तरी उचलून उभं राहाले पाहिजे. रोज उचलनारं मानूस.

सर : असा माणूस मी कुठून आणू?

उषा : माये बाबा जिनमधी हमाल हायेत. कापसाच्या गाठी उचलते.

*

मनोहर : हा कॅलेंडरातला? हा तं फोटो काढाले उभा हाय. याले जिनवर पाठवा म्हन तुया मास्तराले. एक पाळी करन अन् पळून जाईन.

उषा : मीबी तेच म्हनलं, बाबा. पन बराबर कसं असते ते सांगा न.

मनोहर : सांगून काय समजते? ...पाह्य. आमी दोघं मिळून गाठ उचलतो. एकट्याचं काम असलं तं तो खाली पाहीन, समोर पाहीन, त्याची मर्जी. दोघं असले का जोडीदाराकडं पाहा लागते. त्याचा पाय कुठं पडला, दम कुठं भरला. बोलाचं काम नाई पडत. डोयानंच समजते का आता हा ठेवाचं म्हनून राहिला.

उषा : या चित्रात कोनीच कोनाकडं नाई पाहून राहिलं.

मनोहर : म्हनून तं म्हनलं, फोटो हाय.

उषा : बाबा, उद्या येता का शाळेत? दुपारची सुट्टी राहते न तुमाले, तेवढंच. तुमी बल्ली धरून उभं राहा, मी काढीन.

मनोहर : मी? चित्रात?

उषा : शिमोन म्हनून.

मनोहर : काय गोष्ट हाय ती? पुरी सांग.

उषा : येशूले शिक्षा झाली होती. त्याचा क्रूस त्यालेच उचलाले लावला. तो पडला, उठला, पन पुढं जाता येईना. तवा शिपायायनं रस्त्यानं जानारा एक मानूस धरला. शिमोन. रानातून घरी चालला होता. म्हने, चल, उचल.

मनोहर : मजुरी?

उषा : कायची मजुरी? धरून आनला त्याले.

मनोहर : मंजे वेठ.

उषा : ...हो.

मनोहर : मी नाई येत.

उषा : बाबा...

मनोहर : बस इथं. तुया आबा, दादाराव. तुले तं त्याचा चेहराबी याद नसन. तिगावच्या टेसनावर साहेबाचं सामान उतरे, ते डोक्यावर घेऊन गावातल्या बड्या घरी पोचवाचं काम त्याचं. पैसा नाई, भाकर नाई. दारात येऊन शिपायानं आवाज दिला का हा जेवता जेवता उठे. हातातला घास ताटात ठेवून. माय मांगून म्हने, एवढा घास तं खाऊन जा. तो नाई थांबे.

उषा : अन् मंग?

मनोहर : मंग छप्पन साली नागपूरले गेला अन् दीक्षा घेऊन आला. चार-आठ दिवसायनं शिपाई आला दारात. 'दादू, चल.' मी सात वरसांचा होतो, बाजूलेच बसून होतो. माया बाप उठला नाई. म्हने, मी जेवून राहिलो, बसा. बस, एवढंच बोलला. पुरी भाकर खाल्ली त्यानं. हात धुतला. मंग बाहेर जाऊन सांगितलं का आता येनं नाई होत.

उषा : तुमी हे मले कधीच नाई सांगितलं.

मनोहर : आता सांगितलं. अन् त्याच्या नातीनं मले सौसरच्या भिंतीवर टांगाचं, वेठीचा मानूस म्हनून? मी गाठी उचलतो, मजुरी घेतो, घरी येतो. मले कोनी धरून नाई नेत. नाई पोरी. दुसरा कोनी पाह्य.

उषा : ...एक विचारू?

मनोहर : विचार.

उषा : यमुना सांगत होती का त्या गोष्टीत शिमोनाच्या दोन पोरायची नावंबी लिहून हायेत. पोरं तं तिथं नव्हतेच. मंग त्यायची नावं कशी आली?

मनोहर : मले काय मालूम?

उषा : मले वाटते, तो घरी गेला अन् त्यानं सांगितलं असन पोरायले. मंग पोरायनं दुसऱ्यायले सांगितलं. म्हनून सगळ्यायले मालूम होते का हा अमक्या-अमक्याचा बाप. नुसती शरमेची गोष्ट असती तं त्यानं पोरायले सांगितली असती का?

मनोहर : पन धरूनच आनला न त्याले.

उषा : त्याले धरून आनलं ते शिपायाचं पाप हाय. पन एका मानसाले उचलता नाई येऊन राहिलं, अन् दुसऱ्याले येते. मले ते काढाचं हाय, बाबा. शिपाई मी काढतच नाई.

मनोहर : शिपाई काढतच नाई?

उषा : एकबी नाई. त्यायचा भाला घे म्हनते गुणवंता, तोबी नाई घेत.

मनोहर : माई मान खाली घालशीन?

उषा : नाई. तुमी जोडीदाराकडं पाहून राहान.

मनोहर : ...भाकर वाढ. अन् दुपारची सुट्टी एक वाजता होते, तुया मास्तराले सांगजो. अर्ध्या तासाच्या वर नाई थांबनार.

*

सर : या, मनोहरभाऊ. मुलांनी फारच गळ घातली तुम्हाला. बसा आधी, पाणी घ्या.

मनोहर : बसाले टाइम नाई, गुरुजी. कुठं हायेत बल्ल्या?

गुणवंता : हे पाहा काका! मी बांधल्या. मी पुढं होतो, तुमी मांगून धरा.

मनोहर : तू? तुयी उंची माया कमरेएवढी. तुले जोडीदार घेतला तं सगळी बल्ली तुयाच अंगावर घसरन. बराबरीचा मानूस पाहिजे.

उषा : सर हायेत न.

सर : मी? अगं, मी आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही.

मनोहर : तेच तं पाहिजे, गुरुजी. पुढच्याले जमून नाई राहिलं, म्हनून तं मांगून दुसरा बोलावला.

गुणवंता : सर, उभे राहा न! यमुनानं कागद लावले, चिंधूनं कोळसा काढला. सगळे तयार हायेत.

सर : घड्याळ काढून ठेवतो. ...हं. द्या.

मनोहर : खांदा पुढं नका काढू. असा. आता मी सोडतो थोडं तुमच्याकडं. सांगजा.

सर : हं. हं, ठीक आहे. उषा, काढ लवकर. ...हे फार... मनोहरभाऊ, हे रुततंय हो.

मनोहर : रुतनच. मान तिकडं करा. इकडं नाई, तिकडं. माया कडं पाहा.

सर : मला उभं राहवत नाहीये.

उषा : सर, जराक! आत्ताच तं खांद्याची रेघ घेतली.

मनोहर : थांब पोरी, काढू नको. मानूस पडन. गुरुजी, मी सगळं वजन घेतो इकडं. तुमी फक्त उभं राहा. हलू नका.

(मनोहर एका हाताने बल्ली तोलून धरतो. दुसऱ्या हाताने स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून काढतो, त्याची घडी करतो आणि ती सरांच्या खांद्यावर, बल्लीच्या खाली सारतो.)

सर : ...आता राहतो उभा.

मनोहर : राहान. आता अर्धा तासबी राहान.

सर : पण तुमच्या खांद्यावर तर काहीच उरलं नाही.

मनोहर : माया खांदा पक्का झाला हाय. पंधरा वरसं झाले.

गुणवंता : सर, हलू नका! तोंड असंच ठेवा, काकाकडं! उषा, पाह्यलं का?

उषा : चूप बस. काढून राहिली मी.

मनोहर : गुरुजी, आता रुतते का?

सर : नाही. बरं वाटतंय. तुम्ही रोज असंच करता? जोडीदारासाठी?

मनोहर : नवा मानूस आला का करा लागते. नाई तं दुसऱ्या दिवशी तो येतच नाई.

सर : उषा, तो दुपट्टासुद्धा काढतेस का?

उषा : काढला, सर. पयले तोच काढला. काढू नको का?

सर : काढ. आणि गुणवंता, उद्या ते कॅलेंडर माझ्या कपाटात ठेवून दे. फाडू नकोस. आता ते लागणार नाही.

*

गुणवंता : उषा, इकडं ये. दुरून पाह्य. ही माती कशी वाटते?

उषा : काळी हाय. यरुशलेमले काळी माती असते का?

गुणवंता : मले काय मालूम? मी कधी गेलो? मी आपला रामाकोन्याचा रस्ता काढला. आमच्या बाबुजीनं पाह्यलं न, तं म्हने हा तं नाल्याच्या बाजूचा गाडरस्ता, इथं माई बैलबंडी फसली होती. मंग म्हने, याच्यावरून क्रूस घेऊन चालला हा मानूस? बेजार झाला असन बिचारा.

उषा : मंग राहू दे काळीच. पाय बरे रुतले पाह्य तिच्यात.

गुणवंता : पाय माये हायेत! मतलब, मी काढले. आठ दिवस पायच काढून राहिलो मी. टाच भेगाळलेली केली. पांढरी रेघ, अन् बाजूले गेरू. पाह्यली?

उषा : पाह्यली. एक नंबर झाली. अन् चिंधूनं गोटे बी चांगले केले रस्त्यातले.

गुणवंता : पन यमुनाचं काय? तिनं येशूचं तोंड तीन बार पुसलं. परवा रविवार हाय, तेलरंग वाळले पाहिजे. तू सांग न तिले.

उषा : मी नाई सांगत. आपल्या चौघायत तिलेच ते तोंड मालूम हाय. लहानपनापासून घरच्या फोटोत रोज पाहून राहिली ती.

गुणवंता : मले वाटलं ती सराचं तोंड काढन.

उषा : सर नाई म्हनले. खांदा घ्या म्हने, चेहरा नको. काल ती मले विचारत होती, दुखत असतानी कोनी मदत केली तं मानूस हासते का रडते?

गुणवंता : मंग तू काय सांगितलं?

उषा : म्हनलं, दोनीबी नाई करत. आधी पाहते का हा कोन हाय.

गुणवंता : ...अन् तिनं तसं काढलं?

उषा : वळून पाह्य. झालं तिचं.

गुणवंता : अरे बाप्पा.

उषा : बोलू नको आता. पुसून टाकन ती परत.

*

फादर : बसने आणलंत हे चित्र? पांढुर्ण्याहून?

सर : हो, फादर. टपावर बांधून. मुलं टपावर चढू देत म्हणत होती, कंडक्टरने मला चढू दिलं. मीच धरून बसलो.

फादर : तरीच केसांत एवढी धूळ आहे. हे बघा, मी बाकीची तेरा चित्रं पाहिली. सगळी नीट आहेत. तुमच्या चित्रापुढे मात्र मी बराच वेळ उभा राहिलो, आणि म्हणूनच तुम्हाला आत बोलावलं. या मुलीने काढलंय?

सर : चौघांनी. ही उषा. माणसांच्या आकृती हिच्या. हा गुणवंता. रस्ता आणि पाय याचे. दगड आणि झाडं चिंधूची, आणि प्रभूचा चेहरा यमुनाचा. ती बाहेर उभी आहे, आत यायला घाबरते.

फादर : चेहरा फार चांगला आहे. पाय चांगले आहेत. आता मला एक सांगा. प्रभूच्या खांद्यावर हे काय आहे? क्रूसाच्या खाली?

उषा : दुपट्टा हाय. शिमोनाचा. घडी करून ठेवला त्यानं.

फादर : असं कुठे लिहिलेलं नाही, बाळ.

उषा : नाई ठेवला असंबी नाई लिहिलं. यमुनानं बायबलात पुरं पाह्यलं.

सर : उषा.

फादर : बोलू द्या तिला. पण माझं ऐक. प्रभूने आपलं दुःख पूर्ण सोसलं. त्यात काही सूट घेतली नाही. लोक या चित्रापुढे गुडघे टेकणार. त्यांना ते दुःख दिसायला हवं. आणि आपण त्या दुःखाखाली मऊ घडी सारायची? बाकी चित्र ठेवू. एवढा दुपट्टा उद्यापर्यंत रंगाने झाकून द्या. नाहीतर मला त्या जागी छापील चित्र लावावं लागेल. माझा नाइलाज आहे.

गुणवंता : सर, आपन...

सर : थांब गुणवंता. फादर, मी नगर जिल्ह्यातला. आमच्या घरी तीन पिढ्या चर्चमध्ये जातात. लहानपणापासून दर शुभ शुक्रवारी मी या पाचव्या स्थानापुढे उभा राहिलोय, आणि खरं सांगायचं तर कधी काही वाटलं नाही. दोन मिनिटं थांबायचं आणि सहाव्याकडे जायचं. या मुलांनी मला बल्लीखाली उभं केलं. हा जो खांदा आहे ना चित्रातला, तो माझा आहे. आणि हा दुपट्टा हिच्या वडिलांचा. ते जिनमध्ये हमाल आहेत. मी पडणार होतो तेव्हा त्यांनी तो काढून माझ्या खांद्याखाली सारला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चित्रासाठीही नव्हतं ते. मी तो दुपट्टा झाकणार नाही, फादर. छापील चित्र लावायचं तर तुम्ही लावा. आम्ही हे पुन्हा टपावर बांधून नेऊ.

फादर : तुम्ही रागावलात.

सर : नाही. मी पहिल्यांदाच काहीतरी बरोबर केलंय, म्हणून सांगतोय.

उषा : फादर, एक विचारू?

फादर : विचार.

उषा : तिकडं दाराजवळ मोठा लाकडाचा क्रूस ठेवून हाय. तो कायले?

फादर : शुभ शुक्रवारी आम्ही तो खांद्यावर घेऊन चर्चभोवती फिरतो. प्रार्थना म्हणत.

उषा : कोन उचलते?

फादर : सुरुवातीला मी. मग गावातली माणसं.

उषा : जड हाय?

फादर : चांगलाच जड आहे.

उषा : रुतते न इथं? हाडावर?

फादर : रुततो.

उषा : मंग तुमी खांद्यावर काय ठेवता?

सर : उषा, असं विचारू नये.

फादर : नाही, तिने बरोबर विचारलं. ...टॉवेल. झग्याच्या आतून टॉवेल असतो. आमच्याकडे देवकाबाई स्वयंपाक करतात. पहिल्या वर्षी माझा खांदा सोलला होता तो त्यांनी पाहिला. तेव्हापासून दर वर्षी त्या टॉवेलची घडी आणून देतात. मी मागत नाही. पण ठेवतो.

उषा : मंग तुमचं दुःख कमी होते का?

फादर : ...नाही. दुःख कमी होत नाही. पुढे चालता येतं.

गुणवंता : तेच तं काढलं आमी!

फादर : गुणवंता ना तुझं नाव? जा, देवकाबाईंना बोलावून आण आतून. म्हणावं फादरांनी एक चित्र बघायला बोलावलंय. आणि मास्तर, खाली कोपऱ्यात तुम्ही फक्त शाळेचं नाव लिहिलंय.

सर : पत्रात तसंच सांगितलं होतं.

फादर : चारही मुलांची नावं लिहा. आजच लिहा. वाळायला वेळ हवा. शुक्रवारी चित्र भिंतीवर असेल.

*

गुणवंता : काका, तुमी इतक्या मांगं काऊन उभे होते? लोकं पुढं जाऊन राहिले होते अन् तुमी जिनचे सहा जनं घेऊन दाराशी!

मनोहर : आमी पाव्हने. प्रार्थना सुरू असतानी मधात कायले घुसाचं?

गुणवंता : आता रिकामं झालं चर्च. या न समोर. पन तुमाले मांगून दिसलं असन न, का लोकं पाचव्यापासून हलतच नव्हते? पहिलं स्थान झालं, चालले. दुसरं झालं, चालले. पाचव्यापाशी आले अन् थांबले! फादरनं सहाव्याची प्रार्थना सुरू केली तं सोबत कोनीच नाई. फादर एकटेच सहाव्याखाली उभे. मंग हासले, अन् परत आले मांगं. एक म्हातारी तं शिमोनाच्या पायाले हात लावून पाहे. म्हने, या टाचेले कोकमाचं तेल लावाले पाहिजे. माये पाय हायेत ते, मी काढले, सांगितलं मी तिले!

मनोहर : सांगितलं न? मंग झालं.

उषा : बाबा, नागपूरच्या शाळेचे सर आले होते. आमच्या सराले विचारत होते, तुमच्याकडं चित्रकलेचा मोठा वर्ग असन. सर म्हने, मोठा व्हरांडा आहे.

गुणवंता : अन् यमुनाची माय रडून राहिली अन् हासूनबी राहिली. अन् चिंधू सगळ्यायले आपलं नाव वाचून दाखवून राहिला, कोपऱ्यातलं. त्याले म्हनलं बे, लोकायले वाचता येते.

उषा : बाबा, जिनचे काका लोक काय म्हनले? त्यायले आवडलं का?

मनोहर : गनपत म्हने, पुढच्याचा डावा पाय जरासा आत पाहिजे होता.

उषा : ...अजून?

मनोहर : बाकी म्हने वजन बराबर हाय. दोघायच्या खांद्यावर सारखं उतरलं. पंधरा वरसांत त्यानं माया कामाले बराबर म्हनलं नाई कधी. तुयाले म्हनलं.

उषा : अन् तुमाले कसं वाटलं?

मनोहर : मान वर ठेवली माई.

उषा : सांगितलं होतं न मी.

मनोहर : सांगितलं होतं. ...तिगावले जाऊ एक दिवस. तुया आबाचं घर दाखवतो तुले. पडून गेलं, पन ओटा हाय अजून.

गुणवंता : काका, सर बोलावून राहिले. साडेपाचची पांढुर्न्याची बस लागली म्हनते. सगळे बसले.

उषा : चला बाबा. जागा नाई भेटनार मंग.

मनोहर : तुमी व्हा पुढं, धरून ठेवा बस. तो चित्रातला पुढचा मानूस दमला हाय. मी जरासं उभं राहतो त्याच्यापाशी.